स्वामित्वाविना उपयोग : फ्रान्सिस्कन संघातील दारिद्र्यविषयक वाद (१२२३–१३२९)

१

ख्रिस्ती धर्माने संपत्तीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, या प्रश्नाची चर्चा करताना नव्या करारातील दोन स्थळांचा आधार बहुधा घेतला जातो. पहिले स्थळ म्हणजे आपले सर्वस्व विकून ते गोरगरिबांस वाटण्याविषयी येशूने एका श्रीमंत तरुणास केलेला उपदेश. दुसरे म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील जेरुसलेमच्या आद्य ख्रिस्ती समुदायाचे वर्णन. त्या समुदायात मालमत्ता समाईक होती आणि जमिनी व घरे विकून आलेला पैसा गरजेप्रमाणे वाटला जात असे. यांवरून आद्य ख्रिस्ती धर्म साम्यवादी होता असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला. उलटपक्षी, त्याच ग्रंथातील हनन्याच्या कथेत शेत विकण्यापूर्वी ते हनन्याचेच होते हे पेत्र मान्य करतो, याकडे बोट दाखवून खाजगी मालकीस ख्रिस्ती धर्माची संमतीच आहे असे इतरांनी प्रतिपादन केले.

हे दोन्ही पक्ष मालकी कोणाची, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतात. परंतु ख्रिस्ती विचारपरंपरेत या प्रश्नाच्या जोडीला दुसराही एक प्रश्न सतत उभा होता. वस्तू कोणाचीही असो, तिचा उपयोग कोणी, किती व कशासाठी करावा, हा तो प्रश्न होय. या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध काय, याची सर्वांत कठोर कसोटी तेराव्या व चौदाव्या शतकांत फ्रान्सिस्कन संघाच्या दारिद्र्याविषयी जो वाद झाला त्यात लागली. मालकी संपूर्णपणे सोडून देऊन केवळ उपयोग ठेवता येतो, अशी या संघाची भूमिका होती. पोपच्या सत्तेने तीस प्रथम कायद्याचे संरक्षण दिले. पुढे पन्नास वर्षांच्या आत तिचा पायाच काढून घेतला. हे स्थित्यंतर कसे घडले व त्यात नेमके काय पणास लागले होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

फ्रान्सिस्कन संघाच्या भूमिकेचे वेगळेपण कळण्यासाठी तत्पूर्वीच्या परंपरेचा थोडक्यात परामर्श घेणे अवश्य आहे. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने कोणता श्रीमंत मनुष्य तरेल, या विषयावर एक प्रबंध लिहिला. धन टाकून देणे म्हणजे मनातील धनासक्ती टाकणे होय, असा अर्थ त्याने लावला. सर्वांनीच धन टाकले तर भुकेल्यास अन्न देणार कोण, असा त्याचा व्यावहारिक युक्तिवाद होता. ३६९ च्या सुमारास कॅपाडोशियात दुष्काळ पडला, तेव्हा कैसरियाच्या बेसिलने धान्य साठविणाऱ्या धनिकांना याहून कठोर शब्दांत जाब विचारला. गरजेपेक्षा अधिक असलेली वस्तू ही वस्तुतः गरजवंताचीच असून ती अडवून ठेवणारा चोराच्याच पंक्तीस बसतो, असा त्याच्या प्रवचनांचा आशय होता.

मठजीवनाने याच प्रश्नाचे तिसरे उत्तर दिले. सहाव्या शतकात इटलीत लिहिल्या गेलेल्या बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवासीयास कोणतीही वस्तू स्वतःची म्हणून बाळगण्यास बंदी केली आणि दिवसाचे काही प्रहर हाताने काम करणे त्याचे कर्तव्य ठरविले. तथापि मठाला मात्र जमिनी, गुरे व कोठारे असू शकत. व्यक्ती निष्कांचन आणि संस्था धनवान, अशी स्थिती यातून निर्माण झाली. ९१० मध्ये स्थापन झालेल्या क्लूनीच्या मठाचे पुढील वैभव हे तिचे ठळक उदाहरण होय.

विद्वज्जनांच्या पातळीवरही या विचाराची मांडणी झाली. ११४० च्या सुमारास ग्रेशनने सिद्ध केलेल्या धर्मशास्त्रीय संकलनात निसर्गनियमाप्रमाणे सर्व वस्तू सर्वांच्या आहेत हे तत्त्व नमूद झाले होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्याचा व खाजगी मालकीचा मेळ घातला. वस्तू मिळविणे व तिची व्यवस्था पाहणे ही कामे खाजगीरीत्या झाल्यास अधिक काळजीपूर्वक होतात, म्हणून मालकी योग्य आहे. उपयोगाच्या बाबतीत मात्र मनुष्याने वस्तू समाईक समजाव्यात व गरजवंतास त्या सहज द्याव्यात, असे त्याने म्हटले. प्राणांतिक गरजेत दुसऱ्याची वस्तू घेणे ही चोरीच नव्हे, असाही निर्वाळा त्याने दिला. सारांश, मालकी व उपयोग यांत भेद करणे हे या परंपरेस नवीन नव्हते. परंतु येथवर हा भेद मालक असलेल्या माणसावर बंधन घालण्यासाठी होता. मालकी मुळीच न ठेवता उपयोग करता येईल काय, असा प्रश्न तोवर कोणी उपस्थित केला नव्हता.

३

असिसीचा फ्रान्सिस (११८१ किंवा ११८२–१२२६) हा एका सधन कापडव्यापाऱ्याचा मुलगा. उत्तर व मध्य इटलीतील शहरे त्या काळी व्यापाराने गजबजू लागली होती, नाण्यांचा वापर वाढत होता आणि शेतीच्या आधारावर उभी राहिलेली जुनी समाजरचना बदलत होती. असिसीच्या बिशपासमोर अंगावरचे कपडेही पित्यास परत करून फ्रान्सिसने जो त्याग केला, तो अशा शहरातील व अशा घरातील होता ही गोष्ट महत्त्वाची आहे. १२०९ च्या सुमारास पोप तिसरा इनोसंट याने त्याच्या लहानशा मंडळीस तोंडी मान्यता दिली, आणि २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरा ओनोरियस याने संघाच्या नियमावलीवर शिक्कामोर्तब केले.

या नियमावलीतील तीन कलमे पुढील वादाच्या मुळाशी आहेत. चौथ्या कलमान्वये बंधूंनी नाणी अथवा पैसा प्रत्यक्ष वा मध्यस्थामार्फत स्वीकारावयाचा नव्हता. पाचव्या कलमान्वये ज्यांना कामाचे सामर्थ्य आहे त्यांनी निष्ठेने काम करावे व मोबदला म्हणून पैसा वगळून शरीरास अवश्य त्या वस्तू घ्याव्यात, असे ठरले. सहाव्या कलमान्वये घर, जागा अथवा कोणतीही वस्तू बंधूंनी आपली करावयाची नव्हती. परदेशस्थ यात्रेकरूंप्रमाणे त्यांनी जगात राहावे व संकोच न करता भिक्षा मागावी. मृत्यूपूर्वी सांगितलेल्या आपल्या अंतिम निवेदनात फ्रान्सिसने श्रमाचा आग्रह पुन्हा धरला. आपण स्वतः हातांनी काम केले, सर्व बंधूंनीही करावे आणि श्रमाचे वेतन मिळाले नाही तर भिक्षेस जावे, असा त्याचा क्रम होता. म्हणजे त्याच्या कल्पनेत भिक्षा ही श्रमाची जागा घेणारी नसून श्रमाला पूरक होती. नियमावलीवर टीका-भाष्ये रचू नयेत व रोमच्या दरबाराकडून विशेष सवलतींची पत्रे मिळवू नयेत, अशीही ताकीद त्याने त्यात दिली.

आपल्याकडील वाचकांस येथे बौद्ध भिक्षुसंघाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. विनयपिटकातही भिक्षूस सोने-रुपे स्वीकारण्याची बंदी आहे, तसेच दात्याने दिलेल्या धनातून भिक्षूसाठी चीवर मिळवून देणाऱ्या सेवकाची तरतूद आहे. वैशालीच्या संगीतीत ज्या दहा गोष्टींवर वाद झाला, त्यांतील एक सोने-रुपे स्वीकारण्याविषयीच होती. परंतु एक फरक विसरता कामा नये. बौद्ध संघाला विहार व आराम सांघिक म्हणून ग्रहण करता येत. फ्रान्सिस्कनांनी मात्र व्यक्तीबरोबर संघाचेही स्वामित्व नाकारले. बेनेडिक्टच्या मठात व्यक्तीचा त्याग संस्थेच्या संपत्तीत विसावत असे. तो विसावाच त्यांना नको होता. यातूनच एक कायदेशीर पेच निर्माण झाला.

४

पहिल्या काही वर्षांतच संघाची संख्या अतोनात वाढली. विद्यापीठे, प्रवचने व धर्मप्रशासन यांत बंधूंची गरज भासू लागली. ग्रंथ आले, मोठी मंदिरे व निवासस्थाने आली. ही घरे कोणाची? बंधूंची नव्हेत, संघाचीही नव्हेत, मग कोणाची? १२३० मध्ये पोप नववा ग्रेगरी याने ‘क्वो एलोंगाती’ या आज्ञापत्राने फ्रान्सिसचे अंतिम निवेदन बंधनकारक नाही असे जाहीर केले. दात्यांच्या वतीने पैसा हाताळणाऱ्या मध्यस्थाची व्यवस्थाही त्याने मान्य केली. बंधूंकडे वस्तूंचे स्वामित्व नसून केवळ उपयोग आहे, असा खुलासा त्याने केला. १२४५ मध्ये पोप चौथा इनोसंट याने त्यापुढचे पाऊल टाकले. दात्याने मालकी स्वतःकडे राखून ठेवली नसेल, तर बंधूंच्या वापरातील वस्तूंचे स्वामित्व रोमच्या धर्मपीठाकडे राहील, असे त्याने ठरविले. अशा रीतीने पोप हा दरिद्री भिक्षूंच्या घरादारांचा मालक झाला.

ही व्यवस्था टीकेस पात्र ठरल्यावाचून राहिली नाही. पॅरिसच्या विद्यापीठात १२५० नंतरच्या दशकात सेंत-आमूरचा विल्यम या अध्यापकाने भिक्षुसंघांवर उघड हल्ला चढविला. धडधाकट माणसाने भिक्षा मागणे अनुचित आहे, हा त्याचा एक प्रमुख आक्षेप होता. जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये, हा पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातील दंडक त्याच्या बाजूस होता. प्रवचन, अध्ययन व अध्यापन हेही कामच होय, असे भिक्षूंचे उत्तर होते. ते उत्तर निराधार नव्हते. पण त्याचबरोबर हाताने श्रम करण्याविषयीचा फ्रान्सिसचा मूळ आग्रह मागे पडला, हेही नाकारता येत नाही. १२५७ ते १२७४ पर्यंत संघाचा प्रमुख असलेल्या बोनाव्हेंतुराने १२६९ मध्ये आपल्या ग्रंथात या टीकेस सविस्तर उत्तर दिले. ख्रिस्ताने स्वतः व प्रेषितांनी स्वामित्वाचा त्याग केला होता, म्हणून हा त्याग परिपूर्णतेचा मार्ग होय, असे त्याने त्यात प्रतिपादिले.

१४ ऑगस्ट १२७९ रोजी पोप तिसरा निकोलस याने ‘एक्झीइत क्वी सेमिनात’ या आज्ञापत्राद्वारे बोनाव्हेंतुराच्या मांडणीस जवळजवळ शब्दशः अधिकृत रूप दिले. रोमन कायद्याच्या परिभाषेतील स्वामित्व, ताबा, फलोपभोग व उपयोगाचा हक्क या चारही गोष्टी बंधूंनी सोडल्या आहेत. त्यांच्याकडे उरतो तो केवळ प्रत्यक्ष उपयोग, असे त्याने सांगितले. लॅटिन मूळात याला ‘सिम्प्लेक्स उसुस फाक्ती’ अशी संज्ञा आहे. भिक्षू भाकरी खातो, पण भाकरी खाण्याचा हक्क आपला आहे असे तो म्हणू शकत नाही. ती कोणी हिरावून घेतल्यास न्यायालयात दाद मागू शकत नाही. सर्व हक्कांचा असा त्याग ख्रिस्ताने शब्दाने व आचरणाने शिकविला, असे सांगून या आज्ञापत्रावर पुढे वाद घालणाऱ्यास बहिष्काराची शिक्षाही पोपने फर्माविली.

५

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण संघाच्या आत तो याच सुमारास खऱ्या अर्थाने पेटला. स्वामित्व पोपचे व उपयोग बंधूंचा, हे मान्य. पण तो उपयोग किती असावा? कोठारे धान्याने भरलेली, तळघरे मद्याने भरलेली, अंगावर भरपूर वस्त्र, आणि या सर्वांची मालकी तेवढी दूर रोममध्ये. याला दारिद्र्य म्हणावयाचे काय?

लांगदॉक प्रांतातील पीटर जॉन ओलिवी (सु. १२४८–१२९८) याने या प्रश्नास तात्त्विक रूप दिले. केवळ स्वामित्वाच्या त्यागाने दारिद्र्याचे व्रत पाळले जात नाही. वस्तूंचा उपयोगही दीन, म्हणजे गरजेपुरताच असला पाहिजे व हा भाग व्रतात समाविष्ट आहे, असे त्याचे म्हणणे होते. स्वामित्वाचा त्याग हा द्रव्यासारखा आणि दीन उपयोग हा त्यास आकार देणाऱ्या साच्यासारखा, असा त्याच्या विचाराचा रोख होता. विरोधकांनी यावर एक वजनदार आक्षेप घेतला. स्वामित्व सोडणे ही निश्चित गोष्ट आहे, ती पाळली की मोडली हे सांगता येते. किती खाल्ले म्हणजे व्रतभंग झाला, हे कोण ठरविणार? अनिश्चित गोष्टीचे व्रत घेतले तर प्रत्येक जेवण पापाच्या भीतीने ग्रासले जाईल. १२८३ मध्ये ओलिवीच्या लेखनातील अनेक विधानांवर संघाने ठपका ठेवला.

ओलिवीच्या मृत्यूनंतरही दक्षिण फ्रान्समध्ये व मध्य इटलीत कडक आचाराचा आग्रह धरणारा पक्ष जिवंत राहिला. त्याच्या अनुयायांना ‘स्पिरिच्युअल’ असे नाव पडले. १३१२ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने व्हिएन्न येथील धर्मपरिषदेच्या वेळी मध्यम मार्ग काढला. दीन उपयोगाच्या तत्त्वावर सर्वसाधारण निर्णय न देता, नियमावलीत स्पष्टपणे सांगितलेल्या बाबतींत काटकसर बंधनकारक आहे, असे त्याने ठरविले. परंतु १३१६ मध्ये आव्हिन्यों येथून कारभार करणाऱ्या बाविसाव्या जॉनची पोप म्हणून निवड झाली व वातावरण पालटले. जॉन हा वृत्तीने कायदेपंडित होता. ७ ऑक्टोबर १३१७ च्या आज्ञापत्राने त्याने कोठारे व तळघरे ठेवावीत की नाही आणि वस्त्र कसे असावे, याचा निर्णय संघाच्या अधिकाऱ्यांवर सोपविला व सर्वांना तो मानण्याची आज्ञा केली. दारिद्र्य थोर, पण आज्ञापालन त्याहून थोर, असा त्याचा अभिप्राय होता. ज्यांनी ही आज्ञा मानली नाही त्यांच्यापैकी चौघांना ७ मे १३१८ रोजी मार्सेय येथे जिवंत जाळण्यात आले.

आखूड झगे आणि रिकामी कोठारे एवढ्यासाठी माणसांनी प्राण द्यावेत, हे आधुनिक वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु त्यांच्या दृष्टीने नियमावली म्हणजे शुभवर्तमानच होते आणि शुभवर्तमानात सूट देण्याचा अधिकार पोपलाही नव्हता. या घटनेत पुढील प्रकरणाचे बीज आहे. मात्र या टप्प्यावर संघाचा प्रमुख, चेझेनाचा मिखाएल, हा पोपच्या बाजूस उभा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

६

१३२१ मध्ये नार्बोन येथे एका आरोपीची पाखंडाबद्दल चौकशी चालू होती. ख्रिस्त व प्रेषित यांच्याजवळ वैयक्तिक वा सामुदायिक असे काहीही नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. चौकशी करणाऱ्या डॉमिनिकन अधिकाऱ्याने हे पाखंड म्हटले. तेव्हा बेरंगार तालों या फ्रान्सिस्कन अध्यापकाने उठून, हे मत तिसऱ्या निकोलसच्या आज्ञापत्रातच आहे, असा आक्षेप घेतला. प्रकरण आव्हिन्योंला गेले. २६ मार्च १३२२ रोजी पोप जॉनने १२७९ ची चर्चाबंदी उठविली. पूर्वीच्या पोपचा निर्णय पुन्हा तपासला जाणार हे उघड होताच पेरुजा येथील महासभेत संघाने, मिखाएलच्या नेतृत्वाखाली, ख्रिस्ताच्या निरपेक्ष दारिद्र्याचे तत्त्व जाहीरपणे उचलून धरले.

पोपचे उत्तर ८ डिसेंबर १३२२ च्या ‘आद कोंदितोरेम कानोनुम’ या आज्ञापत्रात मिळाले. बंधूंच्या वापरातील बहुतेक वस्तूंवरील स्वामित्व त्याने एका फटक्यात नाकारले. त्यामागील युक्तिवाद विशेष विचारात घेण्याजोगा आहे. घोडा किंवा घर वापरले तरी ते शिल्लक राहते. म्हणून तेथे उपयोग व मालकी वेगळ्या मानता येतील. परंतु अंडे, चीज, भाकरी यांचा उपयोग म्हणजे त्यांचा नाश. जी वस्तू वापरल्याने संपते तिच्या बाबतीत उपयोग एकाचा व स्वामित्व दुसऱ्याचे, हे म्हणणे निरर्थक होय. शिवाय ज्या मालकीपासून मालकाला कसलाही लाभ नाही, ती नावापुरतीच असते. आणि या व्यवस्थेने भिक्षूंची संसारचिंता कमी झाली असेही दिसत नाही, असा टोला त्याने लगावला.

हा युक्तिवाद कोठून आला? वापराने संपणाऱ्या वस्तूत उपयोग व स्वामित्व अभिन्न असतात, हेच तत्त्व व्याजबंदीच्या समर्थनार्थ अक्वायनसने वापरले होते. मद्य विकून शिवाय मद्याच्या उपयोगाची किंमत घेणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणे होय. पैशाचेही तसेच, म्हणून व्याज अन्याय्य, अशी त्याची मांडणी होती. सावकाराविरुद्ध घडविलेले हे शस्त्र आता पैशाला स्पर्शही न करणाऱ्या भिक्षूंवर चालविले गेले. या वादाच्या ऐन भरात, १८ जुलै १३२३ रोजी, डॉमिनिकन संघाच्या अक्वायनसला याच पोपने संतपद बहाल केले.

फ्रान्सिस्कनांच्या बाजूने बेर्गामोचा बोनाग्रात्सिया या कायदेपंडिताने प्रत्युत्तर दिले. घोडा ओट खातो, म्हणून तो ओटाचा मालक होत नाही. गुलाम धन्याचे अन्न खातो, पण रोमन कायद्याप्रमाणे त्याला स्वामित्व असूच शकत नाही. तेव्हा खाणे ही एक घटना आहे, हक्क नव्हे. विरोध केल्याबद्दल बोनाग्रात्सियास काही काळ कैदेत घालण्यात आले. १२ नोव्हेंबर १३२३ रोजी ‘कुम इंतेर नोनुल्लोस’ या आज्ञापत्राने पोपने अंतिम घोषणा केली. ख्रिस्त व प्रेषित यांच्याजवळ वैयक्तिक वा सामुदायिक असे काहीही नव्हते, तसेच जे होते ते वापरण्याचा, विकण्याचा वा देण्याचा हक्क त्यांना नव्हता, असे आग्रहाने प्रतिपादणे हे पाखंड होय. यहूदा इस्कर्योताजवळ असलेली पैशाची थैली, जिचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानात आहे, ती या पक्षाचे मुख्य प्रमाण होती.

१३२७ मध्ये मिखाएलला आव्हिन्योंला बोलावून घेण्यात आले. इतर कारणासाठी चौकशीस आलेला ऑकमचा विल्यम हा इंग्रज तत्त्वज्ञ तेथेच होता. मिखाएलच्या सांगण्यावरून त्याने पोपची आज्ञापत्रे अभ्यासली व पोपच पाखंडी आहे, अशा निष्कर्षास तो आला. २६ मे १३२८ च्या रात्री हे दोघे, बोनाग्रात्सिया व आणखी काही सहकारी आव्हिन्योंहून निसटले आणि पोपशी वैर असलेल्या बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयास गेले. १६ नोव्हेंबर १३२९ रोजी पोप जॉनने मिखाएलला दिलेल्या दीर्घ उत्तरात आणखी एक पाऊल टाकले. स्वामित्व हे मानवी कायद्याने पतनानंतर निर्माण झालेले नसून, ईश्वराने आदामाला एदेन बागेतच ते दिले होते, असे त्याने म्हटले. ग्रेशनच्या संकलनापासून चालत आलेल्या, मूलतः सर्व समाईक, या धारणेस हा सरळ छेद होता.

७

या वादाच्या परिणामांची चर्चा इतिहासकारांनी अनेक अंगांनी केली आहे. मिशेल व्हिले याने ऑकमच्या लेखनात व्यक्तिनिष्ठ हक्काच्या आधुनिक कल्पनेचा उगम पाहिला. ब्रायन टिअर्नी याने ती कल्पना बाराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञांपर्यंत मागे नेली. उगम कोठेही मानला, तरी हक्क सोडता येतो काय आणि सोडल्यावर मनुष्याजवळ काय उरते, हा प्रश्न इतक्या बारकाईने पूर्वी तपासला गेला नव्हता, हे मान्य करावे लागते. ऑकमच्या मते प्राण राखण्यासाठी वस्तू वापरण्याचा निसर्गदत्त अधिकार कोणासही सोडता येत नाही. न्यायालयात दाद मागण्याचा मनुष्यकृत हक्क तेवढा सोडता येतो. या भेदामुळे भिक्षूची भाकरी अन्यायाची ठरत नाही आणि मालकीचीही ठरत नाही.

दुसरा परिणाम अधिक अनपेक्षित आहे. पैशापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा केलेल्या या संघातूनच पैशाचे सूक्ष्म अभ्यासक निघाले. दीन उपयोगाच्या याच ओलिवीने करारांवर प्रबंध लिहिला व त्यात व्यापारासाठी योजलेल्या पैशात केवळ नाण्याहून अधिक अशी बीजासारखी फलनशक्ती असते, असे मत मांडले. त्यासाठी भांडवल या अर्थाचा शब्दही वापरला. पुढे सिएनाच्या बर्नार्दिनोने (१३८०–१४४४) त्याच्या विचारांचा आपल्या प्रवचनांत विपुल उपयोग केला. १४६२ मध्ये पेरुजा येथे फ्रान्सिस्कनांच्या प्रेरणेने गरिबांना तारणावर अल्प दराने कर्ज देणारी संस्था, ‘मोन्ते दि पिएता’, निघाली. कारभारखर्चापुरते व्याज घेण्याच्या तिच्या पद्धतीस १५१५ मध्ये पोप दहावा लिओ याने मान्यता दिली. या चळवळीच्या प्रचारात ज्यू सावकारांविरुद्ध द्वेषही भडकविला गेला, ही तिची काळी बाजू होय. १४९४ मध्ये व्हेनिस येथे दुहेरी नोंदीच्या हिशेबपद्धतीचे पहिले छापील विवरण प्रसिद्ध करणारा लूका पाचोली हाही फ्रान्सिस्कनच होता. कोणती वस्तू गरजेची व कोणती अधिक, कोणत्या व्यवहारात लोभ आहे व कोणत्यात सेवा, याची छाननी करण्याची सवय या संघास दारिद्र्याच्या चर्चेतूनच लागली होती.

आपल्या प्रदेशाशीही या इतिहासाचा एक धागा जोडलेला आहे. १५१७ मध्ये पोप दहावा लिओ याने कडक आचाराचे व सौम्य आचाराचे अशा दोन संघांत फ्रान्सिस्कनांची विभागणी केली. त्याच वर्षी फ्रान्सिस्कन गोव्यात स्थायिक झाले. पुढे वसई-साष्टीच्या प्रदेशात ते पसरले व बोरिवलीजवळील मंडपेश्वरच्या लेण्यांत त्यांनी चर्च व विद्यालय थाटले. पोर्तुगीज अमलात धर्मप्रसारकांच्या पोषणाचा भार राजसत्तेने उचलला होता. स्वामित्व दुसऱ्याचे व उपयोग आपला, हीच जुनी रचना येथे नव्या रूपात दिसते. फरक इतकाच, की मालकाच्या जागी आता पोपऐवजी राजा होता, आणि राजाच्या हाती तलवारही होती.

८

वरील विवेचनावरून काय निष्पन्न होते? हा वाद पोपची सत्ता विरुद्ध भिक्षूंची श्रद्धा अशा स्वरूपात मांडण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. ज्या मालकीचा मालकाला उपयोग नाही ती नाममात्र आहे, हे पोप जॉनचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होते. उलट, वस्तूचा उपयोग करताना तिच्यावर हक्क न सांगण्याची वृत्ती मनुष्यास शक्य आहे, हे फ्रान्सिस्कनांचे म्हणणे अनुभवास धरून होते.

माझ्या मते संघाचे खरे नुकसान १३२२ मध्ये झाले नाही; ते त्याआधीच, आपल्या व्रताची व्याख्या स्वामित्वाच्या अभावात शोधली गेली तेव्हा झाले. फ्रान्सिसच्या नियमावलीत श्रम, भिक्षा आणि पैशाचा अस्वीकार ही तीन आचाराची कलमे एकत्र गुंफलेली होती. त्यांतील श्रम प्रथम मागे पडला. पैशाचा अस्वीकार मध्यस्थांच्या हाती गेला. उरले ते स्वामित्व कोणाच्या नावावर आहे, याचे कागदोपत्री उत्तर. दारिद्र्य जसजसे कायद्याच्या भाषेत निर्दोष होत गेले, तसतसे ते आचाराच्या तपासणीतून सुटत गेले. ओलिवीने बोट ठेवले ते नेमके याच जागी. संघाच्या अधिकाऱ्यांनी त्याचे म्हणणे अनिश्चित म्हणून दूर सारले, व मार्सेय येथे त्याच्या परंपरेतील चार माणसे जाळली गेली तेव्हा ते पोपच्या बाजूस राहिले. पाचच वर्षांनी पोपने त्यांचे निश्चित असे आवरणही काढून घेतले. तेव्हा मिखाएलच्या हाती बचावासाठी केवळ युक्तिवाद शिल्लक होते.

क्लेमेंट व बेसिल यांच्यापासून अक्वायनसपर्यंतच्या परंपरेने धनिकाला एकच प्रश्न विचारला होता: तुझ्याजवळ जे अधिक आहे त्याचे तू काय करतोस? फ्रान्सिस्कन वादाने दाखवून दिले की ज्याच्याजवळ नावावर काहीही नाही त्यालाही हा प्रश्न चुकत नाही. विश्वस्त निधी, संस्था व न्यास यांच्या नावे संपत्ती ठेवून तिचा उपयोग व्यक्ती करीत असते अशा आजच्या काळात, मालकीहक्काच्या नोंदीपेक्षा उपयोगाची तपासणी अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक अगत्याची आहे. मध्ययुगीन धर्मेतिहासाच्या अभ्यासकांप्रमाणेच अर्थविचाराच्या व कायद्याच्या अभ्यासकांनीही या प्रकरणाकडे वळावे, असे सुचवून हे विवेचन पुरे करतो.